राफेल सोळाशे कोटींचं की सहाशे सत्तर कोटींचं? लढाऊ विमानाची किंमत कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेचं एफ-३५ सव्वाआठ कोटी डॉलरला, म्हणजे सातशे कोटी रुपयांच्या आसपास पडतं. आपण राफेल सोळाशे कोटींना घेतलं. तेजस साडेपाचशे कोटींचं. मग जास्त आधुनिक विमान सोडून दुप्पट पैसे कशासाठी मोजले? आणि एका राफेलच्या पैशात तीन तेजस येत असतील, तर तीच का घेऊ नयेत?

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. जवळजवळ तीस वर्षं मिग आणि सुखोईच्या इंजिनांत हात घातले आणि आता निवृत्त होऊन नाशिकला राहतो. मी वैमानिक नव्हतो, खरेदीच्या वाटाघाटींनाही कधी बसलो नाही. विमान उतरल्यावर त्याच्या पोटाखाली शिरणारी जी माणसं असतात, त्यांतला मी एक. माझं उत्तर तिथूनच येणार, हे आधी सांगतो.

तुमचे तिन्ही आकडे खरे आहेत. पण ते एकाच गोष्टीचे नाहीत.

राफेलपासून सुरुवात करू. २३ सप्टेंबर २०१६ ला ३६ विमानांचा करार झाला, सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा. तेव्हाच्या दराने साधारण ५९ हजार कोटी रुपये. भागिले ३६ केलं की सोळाशे चाळीसच्या आसपास आकडा येतो. तोच तुमचा सोळाशे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे संरक्षण राज्यमंत्री, आपल्या धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं, की एका राफेलची किंमत अंदाजे ६७० कोटी. पुढे कित्येक वर्षं लोक या दोन आकड्यांवरून भांडले. एका बाजूला वाटायचं ६७० हा खोटा, दुसऱ्या बाजूला वाटायचं १६०० हा फुगवलेला. दोन्ही खरे होते. ६७० मध्ये नुसतं विमान होतं. शस्त्रं नाहीत, आपल्यासाठी केलेले बदल नाहीत, देखभाल नाही.

त्या वेळी वर्तमानपत्रांतून जी फोड आली ती साधारण अशी: विमानांचे ३.४ अब्ज युरो, भारतासाठीच्या खास बदलांचे १.७, तळांवरच्या सोयी, सिम्युलेटर, अवजारं आणि सुटे भाग मिळून १.८, शस्त्रांचे ०.७, आणि ठरावीक टक्के विमानं कायम उडण्याजोगी ठेवण्याच्या हमीचे ३५ कोटी युरो. म्हणजे ज्याला आपण विमानाची किंमत म्हणतो, त्यातलं निम्म्याहून कमी विमानाचं.

आता तेजसकडे बघा. २०२१ च्या जानेवारीत ८३ विमानांना मंजुरी मिळाली ती ४५,६९६ कोटींची. भागाकार केला की साडेपाचशे. पण तेजस बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, तेव्हाच सांगितलं होतं, की लढाऊ तेजसची मूळ किंमत ३०९ कोटी आणि प्रशिक्षण विमानाची २८० कोटी. बाकीचं तळांवरच्या सोयी, साधनं, सीमाशुल्क आणि जीएसटी. राफेलची जी गोष्ट, तीच तेजसची. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसचा करार झाला, तो ६२,३७० कोटींहून थोडा जास्त, आणि तोही कर सोडून. भागाकार केला तर ६४० च्या पुढे जातो. विमान दुप्पट महागलं असं कुणी ३०९ आणि ६४० शेजारी ठेवून म्हणालं, तर त्याला थांबवा. तो एका ठिकाणी नुसतं विमान आणि दुसऱ्या ठिकाणी सगळा संसार मोजतोय.

एफ-३५ चे सव्वाआठ कोटी डॉलर म्हणजे अमेरिकन सरकारने अलीकडच्या काही तुकड्यांसाठी दिलेली, कारखान्याच्या दारातून इंजिनासकट बाहेर पडणाऱ्या विमानाची सरासरी किंमत. ती अमेरिकेला, अडीच हजारांच्या घरातल्या मागणीवर मिळते. पोलंडने जानेवारी २०२० मध्ये ३२ विमानं घेतली तेव्हा करार ४.६ अब्ज डॉलरचा झाला. म्हणजे विमानामागे १४ कोटी डॉलरच्या वर. आपल्या राफेलशी लावायचाच असेल तर हा आकडा लावा. तो लावला की 'दुप्पट' हा शब्द गळून पडतो.

स्वित्झर्लंडचं उदाहरण तर प्रत्येकाने वाचावं असं आहे. २०२१ मध्ये त्यांनी ३६ एफ-३५ निवडली. तीस वर्षांची खरेदी आणि वापर धरून हे विमान दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापेक्षा दोन अब्ज फ्रँकने स्वस्त पडतं, असा हिशेब त्यांच्या सरकारने मांडला. खरेदीची किंमत पक्की आहे, वाढणार नाही, असंही लोकांना सांगितलं. २०२५ मध्ये अमेरिकेने कळवलं की किंमत पक्की नव्हती, तो गैरसमज होता; वाढीव खर्च ६५ ते १३० कोटी फ्रँक येऊ शकतो. स्विस माणूस हिशेबाला कच्चा नाही. तरी त्यांचं असं झालं.

राफेलच्या त्या १.७ अब्जांबद्दल थोडं सांगतो, कारण सगळ्यात जास्त टीका त्यावर झाली. त्यात इस्रायली हेल्मेट डिस्प्ले होता, शत्रूचं रडार गोंधळवणारे जॅमर होते, रडार आणि इन्फ्रारेड शोधयंत्रणेतल्या सुधारणा होत्या, आणि लेहसारख्या उंच तळावर कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होण्याची सोय होती. हे शेवटचं कुणाला किरकोळ वाटेल. ज्याने पहाटे उणे तापमानात विमानाखाली उभं राहून इंजिन चालू होण्याची वाट बघितली आहे, त्याला वाटणार नाही. शिवाय हा खर्च मोठ्या अंशी एकदाच होतो: संशोधन, चाचण्या, प्रमाणपत्रं. तो ३६ विमानांवर पडला म्हणून डोळ्यात भरला. शंभरावर पडला असता तर विमानामागे एकतृतीयांश झाला असता. अमेरिकेच्या एफ-२२ चं हेच झालं. बेत साडेसातशे विमानांचा होता, सेवेत आली १८७. विकासाचा खर्च तेवढाच राहिला, भागणारी विमानं घटली आणि प्रत्येक विमान डोईजड झालं.

खरेदीबद्दल इतकं पुरे. माझं आयुष्य गेलं ते खरेदीनंतर जे सुरू होतं त्यात.

आपल्याकडे म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लढाऊ विमानाला ही म्हण तंतोतंत लागू पडते, आणि ती मी आकड्यांनी दाखवतो. सुखोई-३० ला एएल-३१एफपी जातीची दोन इंजिनं असतात. सांगाड्याचं आयुष्य साधारण ६००० तास. इंजिनाची दुरुस्ती १००० तासांनी आणि एकूण आयुष्य साधारण २००० तास. आता साधा भागाकार करा: एक सुखोई आपल्या आयुष्यात सहा इंजिनं खातं. दोन विमानाबरोबर येतात, चार नंतर घ्यावी लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने एचएएलशी अशा २४० इंजिनांचा करार केला, सुमारे २६ हजार कोटींचा. म्हणजे एक इंजिन १०८ कोटींना. चार इंजिनांचे चारशे तीस कोटी झाले, आणि अजून आपण टायर, ब्रेक, हायड्रॉलिक, रडार, वैमानिकाची खुर्ची, यांतल्या कशालाच हात लावलेला नाही. हे पैसे खरेदीच्या दिवशी कुठल्याही बातमीत नव्हते.

इंजिन आयुष्य पुरं होण्याआधीच बसलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १९८७ मध्ये मिग-२९ ची पहिली दोन स्क्वॉड्रन (विमानांच्या तुकड्या) पुण्याला लोहगावात आली. त्या काळातलं ते फार चांगलं विमान होतं. पण त्याच्या आरडी-३३ इंजिनांची पहिली मोठी दुरुस्ती ३०० तासांनी अपेक्षित असताना, जुलै १९९२ पर्यंत १८८ पैकी १३९ इंजिनं मुदतीआधीच काढावी लागली, असं कॅगने नोंदवलं. आणि नेमकं तेव्हाच सोव्हिएत संघ कोसळला होता. इंजिन दुरुस्तीला पाठवायचं ते नेमकं कोणत्या देशात, हाच प्रश्न होता. कागदावर त्या विमानाच्या कामगिरीत उणं काढायला जागा नव्हती.

म्हणून मी विमानाबद्दल पहिला प्रश्न विचारतो तो असा: दहा विमानं असतील तर आज सकाळी त्यांतली किती उडतील? माझे आजोबा म्हैस घ्यायला बाजारात गेले की शिंगं आणि रंग बघत नसत. वर्षात किती महिने भाकड राहते, ते विचारत. हँगरमध्ये जॅकवर उभं असलेलं विमान म्हणजे भाकड म्हैस. वैरण तेवढीच लागते.

हे भाकडपण येतं कसं, ते एका रात्रीवरून सांगतो. तळाचं नाव आणि विमानाची जात सांगत नाही. हिवाळ्यातली रात्र होती, दुसऱ्या दिवशी पहाटे चार विमानं द्यायची होती आणि एकाच्या हायड्रॉलिक पंपाला गळती. पंप चांगला होता, गेली होती ती आतली एक रबरी सील, बांगडीएवढी. स्टोअरमध्ये सील नाही, पंपही नाही. मागणी ऑगस्टमध्येच परदेशी पुरवठादाराकडे गेलेली होती. मग जे करायचं नसतं ते केलं. शेजारी दुसऱ्या कारणासाठी उभ्या असलेल्या विमानाचा पंप काढायचा ठरला. आमच्यात याला 'रॉब करणं' म्हणतात.

पंप गिअरबॉक्सवर अशा जागी बसलेला असतो की एकच हात आत जातो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. बोटांनी चाचपत लॉकिंग वायर कापायची, तिचे तुकडे मोजून डबीत ठेवायचे, कारण एक तुकडा आत राहिला तर उद्या तो कुठे अडकेल सांगता येत नाही. नळ्या सोडवताना गार तेल कोपरापर्यंत ओघळतं. मग क्लॅम्प, मग पंप सरळ रेषेत बाहेर ओढायचा, वाकडा झाला की दांड्याचे दाते दुखावतात. हेच उलट क्रमाने दुसऱ्या विमानात. हवा काढायची, इंजिन चालवून गळती तपासायची, फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, नोंद, सार्जंटची सही, त्यावर वॉरंट ऑफिसर साहेबांची सही. पहाटे साडेचारला विमान तयार झालं. आणि ज्याचा पंप काढला त्याच्यावर हेच सगळं आणखी एकदा करायचं उरलं. एका दुरुस्तीसाठी दोनदा काढणं, दोनदा बसवणं. प्रत्येक वेळी चांगली नळी खराब होण्याची शक्यता वाढते, माणूस थकतो आणि थकलेला माणूस चुकतो. ते विमान पुढे महिनोन् महिने हललं नाही, कारण एकदा पंप गेला की लोक त्याचं जनरेटर मागतात, मग इंधनाचा पंप. अशा विमानाला हँगर क्वीन म्हणतात. सील पुढच्या एप्रिलमध्ये आली.

आता याच चष्म्यातून एफ-३५ बघा. अमेरिकन संसदेची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिने २०२३ मध्ये नोंदवलं, की मार्चमध्ये त्यांची जेमतेम ५५ टक्के एफ-३५ मोहिमेला लायक होती. उद्दिष्ट ८५ ते ९० टक्क्यांचं. कारणं वाचताना मला आमचा हँगर आठवला: दुरुस्तीचे कारखाने वेळेत उभे राहिले नाहीत, दहा हजारांहून जास्त सुटे भाग दुरुस्तीच्या रांगेत पडलेले, आणि तांत्रिक माहितीचे हक्क सरकारकडे नाहीत म्हणून स्वतःच्या तंत्रज्ञांना बऱ्याच गोष्टींना हात लावता येत नाही. सव्वाआठ कोटींची दोन विमानं घेतली आणि त्यांतलं साधारण एक उभं राहिलं, तर उडण्याजोग्या विमानामागे किंमत पंधरा कोटी डॉलर झाली.

त्याच्या इंजिनाची एक गोष्ट मला इंजिनवाला म्हणून सांगावीशी वाटते. विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थंड ठेवायला इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच हवा काढून घेतात. आरेखन झालं तेव्हा जितकी हवा लागेल असं धरलं होतं, त्याहून प्रत्यक्षात बरीच जास्त लागायला लागली, कारण दर सुधारणेबरोबर इलेक्ट्रॉनिक्स वाढत गेलं. हवा बाहेर काढली की इंजिनाला तेच काम जास्त तापून करावं लागतं. जास्त तापमान म्हणजे टर्बाइनच्या पात्यांची जास्त झीज, आणि झीज म्हणजे इंजिन लवकर दुरुस्तीला. या एका गोष्टीपायी पूर्ण आयुष्यात ३८ अब्ज डॉलरचा जादा खर्च जीएओने धरला आहे. थंड हवेचा एक अंदाज चुकला, एवढंच घडलं होतं.

आपणही यात मागे नव्हतो. आपल्या सुखोईंची उपलब्धता ७५ टक्के अपेक्षित असताना २०१५ च्या सुमारास कॅगने ती ५५ ते ६० टक्के असल्याचं लिहिलं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना या एका गोष्टीचा त्यांनी पिच्छा पुरवला, आणि मार्च २०१७ मध्ये सुट्या भागांच्या पुरवठ्यासाठी रशियन कंपन्यांशी पाच वर्षांचे करार झाले. अशा करारांची बातमी आतल्या पानावर येते. माझ्या मते ती नवीन विमानाच्या खरेदीइतकीच मोठी आहे. शंभर विमानांची उपलब्धता पंधरा टक्क्यांनी वाढली तर पंधरा नवी विमानं घेतल्यासारखं आहे, आणि त्यांचे वैमानिक, तंत्रज्ञ, तळ सगळं आधीपासून हजर असतं. राफेल करारातले ते ३५ कोटी युरो याचसाठी होते: पाच वर्षं ७५ टक्के विमानं तयार राहतील ही हमी. सगळ्या कराराच्या पाच टक्केसुद्धा नाही. मला विचाराल तर त्या करारातला सगळ्यात शहाणा खर्च तो.

ताशी खर्चाच्या तुलनेचे तक्ते तुम्ही बघत असाल. स्वीडनचं ग्रिपेन इतके डॉलर, राफेल तितके. त्यांवर वाद घालू नका. कुणी फक्त इंधन आणि तेल धरतं, कुणी दुरुस्ती कारखान्यांचा खर्च धरतं, कुणी तंत्रज्ञांचे पगार आणि निवासस्थानंसुद्धा. कोण काय धरतं हे कळल्याशिवाय दोन देशांचे आकडे एकत्र ठेवता येत नाहीत.

आता कामगिरी. कागदावर मिग-२१ चा वेग ध्वनीच्या दुप्पट. राफेलचा १.८ पट, एफ-३५ चा १.६ पट. वेग हीच कामगिरी असेल तर २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिलेलं विमान या दोघांहून सरस ठरेल. पण तो वेग पंखाखाली काही नसताना, आफ्टरबर्नर लावून (म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून), काही मिनिटांपुरता असतो. क्षेपणास्त्रं आणि जादा टाक्या लटकवल्या की तो कुणालाच गाठता येत नाही, आणि आफ्टरबर्नर लावला की इंधनाचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो. म्हणून नंतरच्या आरेखकांनी तो हट्ट सोडला. राफेलला हलणारी इनटेक, म्हणजे इंजिनात हवा घेणारी तोंडं, नाहीत. तेवढं वजन आणि तेवढे बिघाड वाचले. हे मी मेकॅनिक म्हणून मनापासून सांगतो: जो भाग विमानात नाही, तो कधी बिघडत नाही.

खरी कामगिरी विचारायची ती तीन गोष्टी घालून: किती उंचीवरच्या तळावरून, किती उष्णतेत, किती ओझं घेऊन. लेहची धावपट्टी सव्वातीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी. पंखाला तेवढंच वजन उचलायला सुमारे १८ टक्के जास्त वेग लागतो, आणि तो वेग देणाऱ्या इंजिनाचा जोर त्याच पातळ हवेमुळे साधारण चौथ्या हिश्श्याने घटतो. दोन्ही मिळून धावपट्टी जवळजवळ दुप्पट लागते. ती मिळणार नाही, म्हणून ओझं कमी करायचं: इंधन तरी नाहीतर बॉम्ब तरी. कंपनीच्या पत्रकातला पल्ला इथे कामाला येत नाही. म्हणूनच हवाई दलासाठी १२६ विमानं निवडायच्या आधीच्या स्पर्धेत सहाही विमानांच्या चाचण्या बंगळूर, जैसलमेर आणि लेह अशा तीन ठिकाणी घेतल्या होत्या. आणि त्याच स्पर्धेत २०१२ च्या जानेवारीत राफेल सर्वांत कमी किमतीचं ठरलं ते आयुष्यभराच्या खर्चाच्या हिशेबाने. तो सौदा पुढे अडला, एचएएलमध्ये बनणाऱ्या विमानांना लागणारे मनुष्यतास आणि त्यांची हमी कुणी घ्यायची यावर, आणि २०१५ मध्ये मागे घेतला गेला. पण मोजण्याची ती रीत बरोबर होती असं मला आजही वाटतं.

उंचीची किंमत आपण कारगिलमध्ये मोजली. २७ मे १९९९ ला एका मिग-२७ चं इंजिन शस्त्रं डागल्यानंतर हवेतच बंद पडलं. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता बाहेर पडले आणि पकडले गेले. त्यांचा शोध घेणाऱ्या स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पडलं आणि ते परतले नाहीत. त्या दिवसांत तंत्रज्ञांच्या मेसमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. विमान आमच्या हातून जातं. ते परत आलं नाही की प्रत्येक जण मनात आपली शेवटची सही तपासतो.

मग मिराज-२००० आलं. तीसेक हजार फुटांवर, खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर राहून, लायटनिंग पॉडने नेम धरत २४ जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले. १९८२ मध्ये हे विमान घेतलं तेव्हा ते महाग म्हणून हवं तेवढं घेतलं गेलं नव्हतं. २०११ मध्ये आपण पन्नासेक मिराजच्या सुधारणेसाठी दहा हजार कोटींच्या पुढे खर्च मान्य केला. त्यावरही टीका झाली, आणि त्या टीकेतला एक मुद्दा मला पटतो: पहिल्या दिवशी सॉफ्टवेअरचे आणि बदलांचे हक्क मागून घेतले असते, तर तीस वर्षांनी इतके मोजावे लागले नसते.

याची दुसरी बाजू मी नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्याच्या गावी, पाहिली. ब्रह्मोस हे अडीच टनांचं क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली बसवायचं होतं. एचएएल नाशिकने सांगाड्यात बदल केले आणि २५ जून २०१६ ला ओझरच्याच धावपट्टीवरून सुखोई ते घेऊन उडालं. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ते हवेतून डागलं गेलं. ज्या विमानाचं पोट आपण उघडून बघू शकतो, त्याच विमानाला हे करता येतं. अशी मुभा कुठल्याच तक्त्यात नसते आणि वाटाघाटीत ती सगळ्यात महाग असते.

एफ-३५ च्या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे. ते विमान दुबळं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. दुरून दिसत नाही आणि स्वतः फार दुरून बघतं, हे खरंच आहे. पण त्याचे सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि दुरुस्ती सगळं अमेरिकेतल्या एका केंद्राला बांधलेलं आहे. १४ जून २०२५ ला ब्रिटिश नौदलाचं एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं, हायड्रॉलिकमध्ये बिघाड झाला आणि ते २२ जुलैपर्यंत तिथेच होतं. लोकांनी त्यावर खूप विनोद केले. मला हसू आलं नाही. केरळच्या पावसात त्या विमानाभोवती उभ्या असलेल्या फिटरांची अवस्था मला ठाऊक आहे. त्यांच्या अंगात कसब होतं, पण हा बिघाड तिथल्या तिथे निस्तरण्यासारखा नव्हता. मायदेशाहून पथक आणि साधनं यावी लागली. त्यांचा देश अमेरिकेच्या दोस्तांमध्ये आहे. आपल्याला युद्धाच्या आठव्या दिवशी हीच वेळ आली तर भाग येईल का, हे कुणा दुसऱ्याच्या इच्छेवर राहील.

राहिला तीन तेजसचा प्रश्न. एका राफेलच्या पोटात ४.७ टन इंधन मावतं, तेजसच्या अडीच टनांच्या जरा आत. राफेल बाहेर साडेनऊ टन उचलतं, तेजस साडेपाचच्या आत. लांबचं लक्ष्य, जड शस्त्र आणि परतीचं इंधन, असं काम तीन तेजस मिळूनही करत नाहीत, जशा तीन रिक्षा मिळून एका ट्रकमधला गर्डर नेत नाहीत. उलट सीमेलगतच्या तळावरून दर दोन तासांनी पाळत ठेवायला राफेल उडवलं तर ती उधळपट्टी आहे. तिथे तेजसच हवं, आणि भरपूर हवं. तीन विमानांना तीन वैमानिक, तीन ब्लास्ट पेन (विमान ठेवायचे भक्कम आडोसे) आणि तीन पथकं लागतात, हेही लक्षात घ्या. चांगला फिटर तयार व्हायला सात-आठ वर्षं जातात आणि तो आयात करता येत नाही.

आज मला खरी काळजी आहे ती न आलेल्या विमानांची. मंजूर स्क्वॉड्रन ४२, मिग-२१ गेल्यावर उरली २९. तेजस मार्क-१ए मार्च २०२४ पासून मिळायला हवी होती. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. उशिराला इतरही कारणं होती, पण बांधून तयार असलेली विमानं इंजिनाची वाट बघत उभी राहिली, हे मला एक इंजिन फिटर म्हणून फार लागलं. या उशिराचा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा? जुनी विमानं जास्त वर्षं ओढली, त्यांचे तास वाढले, त्यांच्या सुट्या भागांवर पैसे गेले, नव्या वैमानिकांना उडायला विमान कमी पडलं. यातलं काहीच ३०९ किंवा ६४० मध्ये नाही.

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या नव्या रांगेतलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मी त्या दिवशी आग्रा महामार्गाच्या कडेला गाडी लावून उभा होतो. विमान दिसण्याआधी आवाज आला. सवयीने मी डोळे मिटून ऐकलं: कुठे अडखळ नाही, आफ्टरबर्नर एका दमात लागला. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ स्कूटर थांबवून उभे होते, एचएएलमध्ये मिगच्या जोडणीला आयुष्य काढलेले. ते म्हणाले, "आता दुसरं कधी?"